घासण्याआधी वाचा : वारशात आलेल्या रिव्हॉल्व्हरांची किंमत

या वेळच्या टपालात एकाच तऱ्हेची बरीच पत्रं आली. घरातलं कुणी वडीलधारं गेलं, कपाटाच्या तळाशी एक जड पेटी निघाली आणि आता तिचं मोल ठरवायचं आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. उत्तरांत घोडा म्हणजे मागचा हॅमर आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर, एवढं लक्षात ठेवावं.

प्रश्न : काकांच्या पश्चात पाच रिव्हॉल्व्हरं माझ्याकडे आली. एक कोल्ट, दोन स्मिथ अँड वेसन, एक वेब्ली आणि एक नावगाव नसलेलं, खिशात मावेल एवढं. मला यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सुरुवात कायद्यापासून. पेटी जिथे आहे तिथेच राहू द्या आणि वारसाला शस्त्र ताब्यात ठेवायला काय लागतं, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात किंवा वकिलाला विचारून घ्या. 'बघून सांगा हो' म्हणून पिशवीत घालून कुणाकडे नेणं हाच बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो. कायद्याचा किमतीशीही थेट संबंध आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ अखेरपर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटिक' धरतात. त्यामुळे एकाच मॉडेलची १८९८ ची आणि १९०० ची प्रत सारख्याच अवस्थेत असली तरी पहिलीला गिऱ्हाईक जास्त मिळतं. काही देशांत सालापेक्षा काडतुसाचा प्रकार बघतात. म्हणजे उत्पादनाचं साल नक्की करणं हे पहिलं काम.

त्याच्याही आधी प्रत्येक शस्त्र रिकामं आहे याची खात्री करा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून लांब. स्मिथ अँड वेसनच्या बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत डावीकडची कळ पुढे ढकलायची, तशाच कोल्टमध्ये ती मागे ओढायची. वेब्लीत घोड्याशेजारची कळ दाबली की नळी पुढे मोडते. जुन्या सिंगल अ‍ॅक्शन (दर वेळी घोडा हाताने मागे ओढायच्या) कोल्टमध्ये घोडा अर्ध्यावर आणायचा, उजवीकडचं झाकण उघडायचं आणि सिलिंडर हाताने फिरवत सहाही घरं (काडतुसं बसायची भोकं) बघायची. प्रत्येक घरामागच्या तोटीवर ठिणगी पाडणारी टोपी लावायची जुनी, काडतुसाआधीची रिव्हॉल्व्हरं सगळ्यांत फसवी, कारण ती मागून उघडत नाहीत आणि शंभर वर्षांपूर्वीची दारू आत तशीच असू शकते. बाजूने प्रकाश टाकून फोनच्या कॅमेऱ्याने प्रत्येक घराचं तोंड बघा. आत करडा, गोलसर शिशाचा माथा दिसला किंवा एखादं घर बाकीच्यांपेक्षा उथळ वाटलं तर तिथेच थांबा आणि बंदुकांचं काम करणाऱ्या कारागिराला बोलवा.

मग प्रत्येकासाठी एक वेगळा कागद घ्या. बनवणाऱ्याचं नाव, दिसतील तितके सगळे नंबर (जिथे आहेत त्या जागेसकट), नळीवरचा मजकूर अक्षरशः, लहानसहान ठसे, मुलाम्याचा रंग, मुठीच्या पट्ट्यांचं साहित्य आणि नळीची लांबी. लांबी मोजताना नेहमी चूक होते. फ्रेमच्या (मधल्या सांगाड्याच्या) पुढे दिसतो तेवढाच भाग मोजतात आणि चार इंची नळी साडेतीन इंची निघते. मोजायचं ते नळीच्या तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत. जुन्या सिंगल अ‍ॅक्शन कोल्टच्या नेहमीच्या लांब्या पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच. मोजमाप सहा इंच आलं तर नळी कापलेली असण्याचा संशय धरावा. नळीच्या माथ्यावरचा कंपनीचा पत्ता मधोमध न राहता तोंडाकडे सरकलेला दिसला आणि नेम धरायची पुढची माशी डाक लावून बसवलेली वाटली, तर संशय खरा.

अवस्था टक्क्यांत लिहायची पद्धत आहे : कारखान्यात चढवलेल्या मुलाम्यापैकी किती टक्के पृष्ठभागावर तो अजून टिकून आहे. नळी, सिलिंडर, फ्रेम आणि मुठीचा मागचा कणा यांचे टक्के वेगवेगळे मांडा. खरीखुरी झीज एका लयीत होते. नळीच्या तोंडाच्या कडा, सिलिंडरची पुढची कड आणि कणा आधी झिजतात, खाचाखोचा शेवटी. नळी नव्वद टक्के आणि सिलिंडर चाळीस, असं दिसलं तर दोन्ही एकाच रिव्हॉल्व्हरचे जन्मजात भाग नसावेत.

राहिलं ते नावगाव नसलेलं. त्याच्या सिलिंडरवर लंबगोल चौकटीत ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली तारा दिसतो का बघा. ती बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीघराची मोहर आहे. वर मुकुट असेल तर माल १८९३ किंवा त्यानंतरचा. अशी खिशातली रिव्हॉल्व्हरं तिथे अमाप बनली आणि बहुतेकांना फारसा भाव नाही. त्यावर वेळ घालवू नका.

जाता जाता आणखी एक. नळीवर 'अडतीस एस अँड डब्ल्यू सीटीजी' असं कोरलेलं असलं म्हणजे ते स्मिथ अँड वेसनने बनवलं असं होत नाही. ते काडतुसाचं नाव आहे. स्पेनमधल्या आयबार गावी अशी ढीगभर नक्कल बनली. बनवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता नळीवर कुठे आहे, ते शोधा.

प्रश्न : दोनपैकी एक रिव्हॉल्व्हर आरशासारखं चकाकतं, दुसरं तपकिरी पडलंय. दुसऱ्यालाही पॉलिश करून मुलामा चढवला तर किंमत वाढेल ना?

नाही. ती निम्म्यावर येईल, कदाचित त्याहूनही खाली. शिवाय जे चकाकतंय त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

नवा मुलामा चढवण्याआधी धातू घासावा लागतो आणि घासल्याच्या खुणा लपत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तिरप्या प्रकाशात हे बघा. नळीवरच्या अक्षरांच्या कडा टोकदार आहेत की एका बाजूला ओघळल्यासारख्या? स्क्रूच्या भोकांची कड कुरकुरीत आहे की बशीसारखी खोलगट? फ्रेमची बाजूची प्लेट आणि फ्रेम यांमधली रेघ कारखान्यातून निघताना जेमतेम दिसते. ती केसाएवढी ठळक दिसत असेल तर कुणीतरी चाकावर घासलेलं आहे. निळ्या-काळ्या चकचकीत मुलाम्याखाली गंजाचे खड्डे दिसले तर वेगळा पुरावा नको, कारण कारखाना खड्ड्यांवर मुलामा चढवत नसे.

स्मिथ अँड वेसनमध्ये एक सोपी खूण आहे. निळ्या मुलाम्याच्या रिव्हॉल्व्हरातही घोडा आणि चाप निळे नसत. त्यांना केस हार्डनिंग म्हणजे पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया देत आणि त्यातून तेलाच्या तवंगासारखे करडे-तपकिरी-निळे पट्टे उमटत. घोडा आणि चापही नळीसारखेच निळे-काळे दिसले तर मुलामा बहुधा नंतरचा. जुन्या, मधोमध मोडणाऱ्या निकेल रिव्हॉल्व्हरांत चापाभोवतीची कडी मुद्दाम निळी ठेवलेली असे. ती कडीही चांदीसारखी चमकत असेल तर कुणीतरी सगळंच एकदम टाकीत बुडवलेलं आहे.

अपवाद एक. मुठीच्या तळाशी नंबराजवळ छोटा तारा ठोकलेला असेल तर ते रिव्हॉल्व्हर कामासाठी परत स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यात गेलं होतं. मुठीच्या आत फ्रेमवर महिना आणि सालाचे आकडेही कधी सापडतात. कारखान्याने केलेल्या नव्या मुलाम्यानेही किंमत उतरते, पण गल्लीतल्या पॉलिशइतकी नाही.

तपकिरी रिव्हॉल्व्हराला मऊ सुती कापड आणि हलक्या तेलाचे चार थेंब, एवढंच. ताजा लालसर गंज असेल तर तेल लावून दिवसभर सोडा आणि कापडाने टिपून घ्या. हवं तर पुन्हा करा. स्टील वूल, टूथपेस्ट, पितळेचं पॉलिश आणि बाटलीतलं थंड ब्लूइंग (न तापवता पोलाद निळं-काळं करणारं रसायन) घरात असेल तर ते शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. थंड ब्लूइंगचा ठिगळ पकडायला संग्राहकाला दोन मिनिटं लागतात. त्याचा रंग आजूबाजूपेक्षा हिरवट-करडा पडतो आणि अंगठ्याने चोळलं की एक विशिष्ट वास येतो.

प्रश्न : सिंगल अ‍ॅक्शन कोल्टवरचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. स्मिथ अँड वेसनवर तर दोन अगदी वेगळे नंबर आहेत. दोन्ही भंगार समजायची का?

आधी स्मिथ अँड वेसन. सिलिंडर बाहेर काढल्यावर त्याला धरणाऱ्या हाताच्या सांध्यात जो नंबर दिसतो, तो बहुतेकदा जोडणीचा असतो, म्हणजे कारखान्यात सुटे भाग एकत्र ठेवण्यासाठी घातलेला. त्याचा सीरियल नंबराशी संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या रिव्हॉल्व्हरांत खरा नंबर मुठीच्या तळाशी असतो. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर, काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या पाठीमागे आणि लाकडी मुठीच्या उजव्या पट्टीच्या आत ठोकलेला किंवा पेन्सिलीने लिहिलेला सापडतो. पट्टी काढायला योग्य मापाचा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरा. स्वयंपाकघरातल्या सुरीने स्क्रूचं डोकं फाटलं की तीही खरेदीदाराच्या नजरेत भरते. पट्टी निघत नसेल तर स्क्रू थोडा सैल करून त्याच्याच डोक्यावर हलकेच टोचा, विरुद्ध बाजूची पट्टी सुटते. नखाने किंवा पात्याने उचकटली तर कोपरा उडतो. सगळे नंबर जुळले, आणि त्यातही पट्टीचा जुळला, तर कागदावर ठळक लिहून ठेवा.

१९५७ पासून त्याच सांध्याजवळ मॉडेलचा आकडाही ठोकू लागले. तिथे आकडा आहे की नाही एवढ्यावरूनही रिव्हॉल्व्हर कुठल्या काळातलं ते कळतं. मुठीच्या पट्टीवर स्क्रूभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची सपाट जागा सोडलेली असेल तर त्या पट्ट्या साधारण १९६८ पर्यंतच्या.

आता कोल्ट. १८७३ पासून १९४० पर्यंतच्या पहिल्या पिढीत फ्रेम, चापाची कडी आणि मुठीचा कणा या तिन्हींवर नंबर असतो. ते वेगळे निघाले तर किंमत घसरते, हा नियम खरा. पण तुमच्या रिव्हॉल्व्हराची नळी साडेपाच इंची आहे का? फ्रेमवर 'यू एस' आहे का? १८९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी सैन्याने साडेसात इंची नळीची आपली जुनी रिव्हॉल्व्हरं परत मागवली, नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या आणि सगळे भाग एकत्र टाकून पुन्हा जोडले. संग्राहक त्यांना 'आर्टिलरी' म्हणतात. त्यांच्यात नंबर न जुळणं हीच खरेपणाची खूण. उलट सगळे नंबर जुळत असले तर नंतर कुणी ते 'दुरुस्त' केले की काय, अशी शंका येते. म्हणून निकाल लावण्याआधी मुठीच्या लाकडावर तपासनीसाची आद्याक्षरं दिसतात का ते बघा. ती झिजून पुसट झालेली असतात. कोळसा किंवा खडू घासून ती उठावदार करू नका, बाजूने प्रकाश टाकून फोटो काढा.

पहिल्या पिढीतच आणखी एक भेद आहे. सिलिंडरचा मधला दांडा समोरून घातलेल्या स्क्रूने धरलेला असेल तर ती जुनी, काळ्या दारूची फ्रेम. आडव्या, स्प्रिंगच्या खटक्याने धरलेला असेल तर ती १८९० च्या दशकातली किंवा नंतरची. काळ्या दारूच्या फ्रेममध्ये आधुनिक काडतूस घालू नये, कधीच. १९५६ पासूनच्या दुसऱ्या पिढीत नंबरानंतर एस आणि ए ही अक्षरं जोडलेली असतात. ती दिसली तर वाडवडिलांनी सांगितलेलं 'एकोणिसाव्या शतकातलं' हे वर्णन तिथेच संपतं.

प्रश्न : सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं कोल्ट आहे, अष्टकोनी नळीचं. हे अस्सल १८५१ चं नेव्ही म्हणायचं का?

चित्रावर जाऊ नका. ते अस्सलवर असतं आणि नकलेवरही. टेक्सासच्या आरमाराच्या, १६ मे १८४३ रोजी झालेल्या लढाईचं ते दृश्य आहे. या मॉडेलचं नाव १८५१ चं असलं तरी उत्पादन १८७३ च्या सुमारापर्यंत चाललं आणि संख्या दोन लाखांच्या वर गेली. त्यामुळे अस्सल निघालं तरी ते दुर्मीळ असेलच असं नाही.

नक्कल ओळखायची ती ठशांवरून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत याच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणात बनल्या आणि इटलीच्या कायद्यानुसार त्यांच्यावर तपासणीघराच्या मोहरा आल्या. फ्रेमवर किंवा नळीखाली ताऱ्याखाली पी आणि एन ही अक्षरं, आणि छोट्या चौकटीत सालाची खूण शोधा : १९७४ पर्यंत रोमन आकडे, १९७५ पासून इंग्रजी अक्षरांची जोडी. गोळी दाबायचा दांडा खाली ओढला की नळीच्या पोटाशी निर्मात्याचं नाव लपलेलं असतं, तिथे जरूर बघा. फसवणारे या खुणा घासून टाकतात. मग तिथे हलकासा खळगा राहतो. नळीच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी उभी धरून मागून प्रकाश टाकला की पट्टीखालून उजेड झिरपतो. अस्सल सपाटीवर तो झिरपत नाही. जुनाट दिसावं म्हणून आम्लात बुडवलेल्या धातूवर सगळीकडे, अगदी स्क्रूच्या खाचेतही, एकसारखे बारीक खड्डे पडतात. दीडशे वर्षांच्या हाताळणीने असं होत नाही.

अस्सलमध्ये नंबर नळी, फ्रेम, चापाची कडी, कणा, सिलिंडर आणि नळी अडकवणाऱ्या पाचरीवरही असतो. पाचर चिमुकली, हरवणारी वस्तू असल्यामुळे बहुधा बदललेलीच असते. फक्त तिचाच नंबर वेगळा असेल तर तोटा थोडा. जुळणारी निघाली तर ती बोनस समजा. आणि ती काढायला लोखंडी हातोडी वापरायची नाही, लाकडी किंवा प्लास्टिकची.

प्रश्न : वेब्ली मार्क सहा आहे, पण त्यात पंचेचाळीस ऑटोची (अमेरिकी स्वयंचलित पिस्तुलाची) काडतुसं बसतात असं दिसतं. दुसरं रिव्हॉल्व्हर 'व्ही' ने सुरू होणाऱ्या नंबराचं, युद्धकाळातलं स्मिथ अँड वेसन. दोन्ही चालती आहेत. म्हणजे किंमत चांगली ना?

चालतं असणं आणि मूळचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दोन्ही नगांत नेमकी हीच अडचण असण्याची शक्यता आहे.

वेब्ली मार्क सहा १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलं, पॉइंट ४५५ च्या काडतुसासाठी. युद्धांनंतर ही रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने अमेरिकेत विकली गेली. ते काडतूस तिथे सहज मिळेना, म्हणून सिलिंडरची मागची बाजू घासून पातळ केली. तशा सिलिंडरात चंद्रकोरीसारख्या पत्र्याच्या पट्ट्यांत अडकवलेली पंचेचाळीस ऑटोची काडतुसं बसतात. सिलिंडरच्या मागच्या तोंडावरचा नंबर अर्धवट उडालेला किंवा गायब असेल तर हे झालेलंच आहे. किंमत तर उतरतेच, पण पंचेचाळीस ऑटोच्या नेहमीच्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या चाचणीच्या दाबाएवढा किंवा त्याहून जास्त पडतो. सिलिंडर फाटल्याची उदाहरणं आहेत. खरेदीदाराला हे लेखी सांगा.

व्ही नंबराच्या रिव्हॉल्व्हराला 'व्हिक्टरी' म्हणतात. ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या सैन्यांसाठीची स्मिथ अँड वेसनच्या आखूड अडतीस काडतुसाची होती, अमेरिकी आरमारासाठीची अडतीस स्पेशलची. युद्धानंतर पहिल्या जातीच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांची घरं आतून खोल करून त्यांत लांब अडतीस स्पेशल घालायची सोय केली. मोजून कळतं. आखूड काडतुसाच्या नळकांड्याची लांबी सुमारे १९.७ मिलिमीटर, स्पेशलची सुमारे २९.३. रिकाम्या सिलिंडरच्या घरात मागून खोलीमापक घातला की एक पायरी लागते. ती विसाच्या आसपास लागली तर घर मूळचं, एकोणतिसाच्या पुढे लागली तर खोल केलेलं. अडचण अशी की आखूड काडतूस बुडाशी थोडं जाड असतं, आणि घर खोल केलं तरी ती जाडी तशीच राहते. मग स्पेशलचं नळकांडं सैल बसतं, झाडल्यावर फुगतं, कधी उभं चिरतं. मुठीच्या तळाची दोरीची कडी काढून भोक बुजवलंय का, नळी दोन इंचांवर कापलीय का, राखी-काळ्या खरखरीत मुलाम्यावर निकेल चढवलंय का, हेही बघा. असा प्रत्येक बदल म्हणजे खरेदीदारांतला एक गट गेला.

व्हिक्टरीत नंबराआधी नुसता व्ही नसून एस आणि व्ही अशी जोडी असेल तर घोडा रोखणारी सुधारित पट्टी आत आहे. ही जोडी युद्धाच्या अगदी शेवटी सुरू झाली.

प्रश्न : मुठीच्या पट्ट्या हस्तिदंती आहेत असं आई सांगायची. तपासायचं कसं?

पट्टीच्या कापलेल्या टोकाकडे, म्हणजे मुठीच्या तळाशी, भिंगातून बघा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्ररेषांची जाळी दिसते. हाडात काळपट ठिपके आणि तुटक रेघा असतात. प्लास्टिक एकसारखं, कधी साच्याची रेघ असलेलं. तापवलेली सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुन्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या निघाल्या तर भडकन पेटतात. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पोलाद गंजवतं, म्हणून तसं असेल तर पट्ट्या वेगळ्या ठेवा. खरा हस्तिदंत असेल तर विक्रीआधी कायदा पुन्हा तपासा. साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तो सीमेपलीकडे नेण्यावर कडक बंधनं आहेत आणि काही ठिकाणी देशांतर्गत विक्रीवरही.

प्रश्न : हे रिव्हॉल्व्हर एका नामांकित अधिकाऱ्याचं होतं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. याचे पैसे जास्त मिळतील का?

कागद असेल तर. खरेदीदार रिव्हॉल्व्हर विकत घेतो, गोष्ट फुकट ऐकतो. नंबर लिहिलेली पावती, जुना परवाना, शस्त्र हातात असलेला तारखेचा फोटो किंवा नंबराचा उल्लेख असलेलं पत्र यातलं काहीही चालेल.

कोल्टचं स्वतःचं अभिलेखागार आणि स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन नंबरावरून शुल्क घेऊन पत्र देतात. माल कारखान्यातून कधी निघाला, कुणाकडे गेला, नळी किती इंची, मुलामा कुठला, कोणतं काडतूस, हे त्यात असतं. जुन्या नोंदी सगळ्याच टिकलेल्या नाहीत. पत्रातली तारीख पाठवणीची असते, बनवल्याची नव्हे. आणि पत्र दोन्ही बाजूंनी कापतं. नोंदीत 'निळा' असेल आणि हातात निकेल असेल तर मुलामा नंतरचा असल्याचा लेखी पुरावा तुम्ही स्वतःच पैसे देऊन आणलात. तरीही महत्त्वाच्या नगासाठी पत्र मागवावंच. साध्या, झिजलेल्या नगासाठी त्याचं शुल्कही वसूल होत नाही.

मूळ खोका सापडला तर त्याच्या बाजूच्या चिठ्ठीवरचा किंवा तळाशी पेन्सिलीने लिहिलेला नंबर रिव्हॉल्व्हराशी ताडून बघा. जुळणारा खोका, माहितीपत्रक आणि आतली साफसफाईची कांडी टाकून दिली जाते ती नेमकी घर आवरताना.

प्रश्न : व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा लिलावाच्या यादीतल्या आकड्याच्या निम्मा आहे. आम्हाला लुबाडतोय का?

असेलच असं नाही. आकडे तीन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत होते. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसंच दुसरं शोधून विकत घ्यायला लागतील तेवढे पैसे, म्हणून ती सगळ्यांत जास्त. रास्त बाजारभाव म्हणजे जाणत्या खरेदीदाराने जाणत्या विक्रेत्याला घाई नसताना दिलेली रक्कम. वाटणीसाठी किंवा करासाठी हाच लागतो, बहुधा मृत्यूच्या तारखेचा. व्यापारी स्वतः देतो ती रक्कम या दोन्हींहून कमी, कारण त्याला माल ठेवायचा, हमी द्यायची आणि नफा काढायचा असतो.

लिलावाचा हिशेब मांडून बघा. समजा शेवटची बोली १०० झाली. खरेदीदाराकडून वर २० टक्के घेतात, म्हणून यादीत १२० छापून येतं. तुमच्याकडून १५ टक्के कापले तर हातात ८५, त्यातून फोटो आणि वाहतूक वजा. म्हणजे छापील १२० आणि हातातले ८० यांत कुणीही लबाडी केलेली नाही. व्यापाऱ्याचे ६० रोख आणि आज मिळत असतील तर निवाडा तुम्ही करायचा.

तुलना करताना मागितलेल्या किमती बघू नका. न विकलेला माल हवा तितका महाग असू शकतो. झालेल्या विक्रीचे आकडे घ्या, गेल्या दोन-तीन वर्षांतले, मॉडेल, नळीची लांबी, काडतूस आणि मुलाम्याचे टक्के जुळणारे किमान पाच. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडा. मुलाम्याच्या टक्क्यांबाबत सावध राहा, कारण किंमत सरळ रेषेत चढत नाही. साठवरून सत्तरवर गेल्याने फारसा फरक पडत नाही, पण नव्वदवरून अठ्ठ्याण्णववर उडी मोठी असते. आणि वारसदार स्वतःच्या नगाला हमखास दहा टक्के जास्त देतो. म्हणून तो कागद घरच्या नसलेल्या माणसाकडूनही भरून घ्या.

मूल्यमापकाला विचारायचा एकच महत्त्वाचा प्रश्न : 'तुम्ही हे विकत घेणार आहात का?' हो म्हणाला तर त्याने सांगितलेली किंमत ही त्याची बोली. मूल्यमापनाचे पैसे किमतीच्या टक्क्यांत मागणाराही नको, ठरावीक शुल्क घेणारा बघा.

प्रश्न : हे सगळं होईपर्यंत चामड्याच्या म्यानात ठेवलेलं बरं ना?

म्यानातून आजच काढा. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि त्याने धरलेली दमट हवा पोलादाला चिकटून बसते. नळीची एकच बाजू गंजलेली दिसते ती बहुतेकदा त्यामुळेच. म्यान फेकू मात्र नका. त्यावर निर्मात्याचा ठसा आणि साल असेल तर तेही विकलं जातं. रिव्हॉल्व्हर आणि म्यान वेगवेगळ्या सुती पिशव्यांत, दोन्हींना एकच चिठ्ठी. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के, कपाटात सिलिका जेलची पुडी, हात लावताना हातमोजे. बोटांचा घाम निळ्या मुलाम्यावर दोन दिवसांत ठसा उमटवतो. आणि पाहुण्यांना दाखवताना सिलिंडर मनगटाच्या झटक्याने खाडकन बंद करू नका. सिलिंडरला धरणारा हात वाकतो, घरं नळीच्या रेषेत येत नाहीत, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा कारागिराचाच खर्च येतो.